पंखा चालू ठेवा, गीझर बंद करा

घरातल्या विजेबद्दल मार्चच्या अंकात प्रश्न मागवले आणि तीन आठवड्यांत टेबलावर पत्रांचा गठ्ठा जमला. बहुतेक पत्रांत घरातलं एखादं भांडण होतं. कुणी दिवा बंद करायला विसरलं, कुणी पंखा चालू ठेवून गॅलरीत गेलं, कुणाचा चार्जर रात्रभर भिंतीला लटकत राहिला. माझी नोकरीची वर्षं भोसरी आणि चाकणच्या कारखान्यांत वीज कुठे जाते ते शोधण्यात गेली. निवृत्तीनंतर गेली सहा वर्षं तेच काम मी पुण्यातल्या घरांमध्ये करते. कारखाना असो की स्वयंपाकघर, वीज खरी खर्च होते ती काहीतरी तापवण्यात आणि काहीतरी गार करण्यात. तरीही गठ्ठ्यातल्या एकाही पत्रात गरम पाण्यावरून भांडण नव्हतं. सहा पत्रं इथे घेतली आहेत. सगळ्यात शेवटचं पत्र मला आधी आलं होतं, पण त्याचं उत्तर नीट कळायला आधीचे हिशेब लागतील म्हणून ते खाली ठेवलं आहे.

प्रश्न : आम्ही चौघं, दोन बेडरूमचा फ्लॅट. दिवाळीत घरातल्या चारही जुन्या ट्यूब काढून एलईडी लावल्या. मुलांच्या मागे लागून दिवे बंद करायला लावतो. ३०४ युनिटांचं बिल २८६ वर आलं, पण त्याच्या खाली काही जात नाही. आमचं मीटर जास्त पळतंय का?
– एक वाचक, धायरी

उत्तर : तुमचं मीटर अगदी खरं बोलतंय. चोकची जुनी ट्यूब चोक धरून साधारण ५० वॉट घेते, एलईडीची २०. म्हणजे एका ट्यूबमागे ३० वॉट वाचले, चार मिळून १२०. हजार वॉट तासभर चालले की एक युनिट होतं. रोज पाच तास धरले तर ०.६ युनिट, महिन्याला १८. आता ३०४ मधून १८ वजा करून बघा. ट्यूबांनी त्यांचं काम चोख केलं आहे. दिव्यांकडून याहून जास्त मिळणार नाही, कारण आता तुमच्या घरातले सगळे दिवे मिळून दिवसाला जेमतेम अर्धं युनिट खातात. मुलांना त्यावरून बोलणं थांबवलंत तरी चालेल.

पत्रात तुम्ही फोन नंबर दिला होता, म्हणून मी तुम्हाला आठ दिवस मीटरचा आकडा वहीत लिहायला सांगितला होता: पहाटे पावणेसहाला, सकाळी नऊला आणि रात्री झोपताना. तुम्ही तो न चुकता लिहिलात आणि वहीचं पान पाठवलंत. त्या पानावरच सगळं उत्तर आहे. दिवसाला सरासरी साडेनऊ युनिटं, आणि त्यातली साडेचार एकट्या पावणेसहा ते नऊ या वेळात. तेवढ्या वेळात घरात एवढी वीज खाणारं यंत्र एकच आहे, तुमचा २५ लिटरचा गीझर.

एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला १.१६ वॉट-तास लागतात. हा निसर्गाचा दर आहे. कोणतीही कंपनी तो बदलू शकत नाही. नळाचं पाणी २२ अंशांचं असेल आणि अंगावर ४० अंशांचं घ्यायचं असेल, तर २० लिटरच्या एका बादलीला सुमारे ०.४२ युनिट लागतं. चौघांच्या चार बादल्या म्हणजे १.७ युनिटं. तुमचे चौघेही शॉवर घेतात, हे फोनवर कळलं. पाच मिनिटांच्या शॉवरला ४० ते ४५ लिटर पाणी सहज जातं. म्हणजे दोन बादल्यांहून जास्त.

माझं लहानपण नारायण पेठेतल्या वाड्यात गेलं. आमच्याकडे तांब्याचा बंब होता. आई पहाटे ढलप्या आणि गोवऱ्या घालून तो पेटवायची आणि पहिल्या वाफेबरोबर हाकाटी सुरू व्हायची: बंब तापलाय, आंघोळी उरका. एकामागून एक सगळे मोरीत जायचे, कारण मध्ये खंड पडला तर पुन्हा ढलपी घालावी लागे आणि ती डोळ्यांदेखत कमी होई. गीझरमध्ये जळणारं काही दिसत नाही. तुमच्या घरी पहिली आंघोळ सहाला होते आणि शेवटची पावणेनऊला. मधला सगळा वेळ गीझर पाणी ७० अंशांवर टिकवून धरतो, टाकीतून उष्णता बाहेर जात राहते आणि तो पुन्हा पुन्हा पेटतो.

काय करायचं? पाणी किती तापवायचं ते ठरवणारी थर्मोस्टॅटची कळ ५५ अंशांच्या आसपास आणा. ती गीझरच्या झाकणाआड असेल तर आधी मेन स्विच बंद करून वायरमनकडून करून घ्या. पहिल्या आंघोळीच्या वीस मिनिटं आधी गीझर लावा, आंघोळी लागोपाठ उरका, आणि शेवटचा माणूस मोरीत शिरताना बटण बंद करा. टाकीत पुरेसं गरम पाणी असतं. निदान कामाच्या दिवशी तरी बादली घ्या. आणखी एक गोष्ट तुमच्या भागासाठी महत्त्वाची आहे. टँकरचं आणि बोअरचं पाणी जड असतं. त्यातले क्षार गीझरच्या कॉइलवर चुनखडीसारखे बसतात, कॉइलची उष्णता पाण्यात नीट उतरत नाही, आणि एक दिवस ती जळते. वर्षातून एकदा गीझर उघडून कॉइल साफ करून घ्या.

एवढं केलंत तर रोजची दोन युनिटं सहज वाचतील, महिन्याची साठ. आता पैशांचं. महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे १०० पर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे आहेत. दुसऱ्या टप्प्यातलं युनिट पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट दराचं आहे. तुम्ही वाचवता ती युनिटं नेहमी वरच्या, महागड्या टप्प्यातली असतात. त्यावर १६ टक्के वीज शुल्कही असतं. मी हिशेबाला युनिटमागे १२ रुपये धरते. साठ युनिटांचे ७२० रुपये झाले.

टप्प्यांबद्दल एक गैरसमज जवळपास प्रत्येक पत्रात होता, तो इथेच दूर करते. ३०० ओलांडले की सगळीच्या सगळी युनिटं महाग होतात, असं नाही. ३०१ युनिटं झाली तर फक्त ते शेवटचं एक युनिट तिसऱ्या टप्प्याच्या दराने लागतं. पहिली १०० तुम्हाला स्वस्तच मिळतात, बिल कितीही मोठं असलं तरी. त्यामुळे महिनाअखेरीस मीटरजवळ उभं राहून घाबरायचं कारण नाही.

प्रश्न : कोथरूडला आमचा चौथा म्हणजे शेवटचा मजला, हॉल पश्चिमेला. एप्रिलपासून रात्री अकरालासुद्धा भिंतीला हात लावला तर गरम लागते. दोन खोल्यांत दोन एसी बसवायचा विचार आहे. कोणता घ्यावा म्हणजे बिल कमी येईल?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : एसीच्या दुकानात जाण्याआधी एकदा गच्चीवर जा. तुम्हाला रात्री भाजतं ते तिथून.

पुणे साडेअठरा अक्षांशावर आहे. मेच्या मध्याला दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो हाच, उभ्या काठीची सावलीसुद्धा पडत नाही. म्हणजे आपल्या उन्हाळ्यात सर्वांत जास्त ऊन खिडक्यांवर पडत नाही, गच्चीवर पडतं. काळपट सिमेंटची गच्ची ते दिवसभर पिते. काँक्रीटचा स्लॅब उष्णता आत घ्यायलाही वेळ लावतो आणि सोडायलाही, त्यामुळे दुपारचं ऊन तुमच्या पलंगावर रात्रीपर्यंत उतरत राहतं. पश्चिमेच्या भिंतीचंही तेच. खिडकीला जाड पडदे लावून या दोन्हींवर काहीच परिणाम होत नाही.

उपाय जुना आणि स्वस्त आहे: गच्ची पांढरी करा. चुन्याचे दोन हात दिले तरी फरक हाताला जाणवतो. तो पावसात धुपतो, दरवर्षी मारावा लागतो. टिकाऊ हवं असेल तर ऊन परतवणारा पांढरा रंग मिळतो, किंवा पांढऱ्या चायना मोझॅकची फरशी, जी पुण्यातल्या कितीतरी जुन्या इमारतींवर अजून आहे. गच्ची सोसायटीची असते, तेव्हा सभेत परवानगी घ्या, आणि त्याच वेळी गळतीचं काम निघणार असेल तर दोन्ही एकत्र करा. गच्चीवर पाणी शिंपडायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. तो घेऊ नका. एप्रिल-मेमध्ये पुण्यात तेवढं पाणी नाही, आणि स्लॅबमध्ये मुरलेलं पाणी पावसाळ्यात तुमच्याच छतावर डाग होऊन दिसेल.

पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून बांबूची चिक किंवा शेडनेट लावा. बाहेरून, हे महत्त्वाचं. ऊन काचेतून आत आलं की मग आतला पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते.

आता पुण्याची खरी श्रीमंती. आपल्याकडे एप्रिलमध्ये दुपारी पारा ३८ च्या वर जातो, पण पहाटे बावीस-तेविसाच्या आसपास असतो. मुंबईला हे भाग्य नाही. संध्याकाळी पश्चिमेचा वारा सुटतो. रात्री नऊनंतर समोरासमोरच्या खिडक्या सताड उघडा, डासांसाठी जाळ्या बसवा, आणि पहाटेपर्यंत भिंती गार होऊ द्या. सकाळी आठ-साडेआठला सगळं बंद, पडदे ओढलेले. आमच्या वाड्यात दुपारी सगळी मंडळी माजघरात येऊन पडायची. जाड भिंती, कमी खिडक्या, आणि रात्री चौकातून आत आलेली गार हवा दुपारपर्यंत तिथे टिकलेली असायची. फ्लॅटच्या भिंती तेवढ्या जाड नसतात, तरी तीन-चार तास मिळतात.

एवढं करूनही झोपायची खोली तापत असेल तर कूलरचा विचार करा. मार्च ते मे पुण्याची हवा कोरडी असते, कूलर उत्तम चालतो आणि दीडशे-दोनशे वॉटमध्ये भागतं. खिडकी मात्र उघडी हवी. बंद खोलीत कूलर लावून दमट होतंय अशी तक्रार करणारी बरीच घरं मी पाहिली. जूनमध्ये हवा दमट झाली की तो आवरून ठेवायचा.

आणि एसी घ्यायचाच असेल तर एक घ्या, झोपायच्या खोलीत. तारे मोजून थांबू नका, लेबलवरचा वर्षाच्या युनिटांचा आकडा वाचा. तो १६०० तासांच्या वापराचा असतो. त्याला १६०० ने भागलं की तासाला किती युनिट ते कळतं, आणि दोन मॉडेलांची तुलना रुपयांत करता येते. २०२० पासून नवे एसी सुरू केल्यावर २४ अंशांवरच लागतात. तुम्ही २६ वर ठेवा आणि सोबत पंखा मंद चालू ठेवा. एक अंश वर नेला की साधारण सहा टक्के वीज वाचते, असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचं सांगणं आहे. माझ्या स्वतःच्या घरीही एसी २६ वरच असतो आणि सुती चादर पुरते.

प्रश्न : काका नवीन फ्रीज घेत आहेत, त्यांचा २००५ चा चालू फ्रीज आम्हाला फुकट देतायत. घ्यावा ना?
– एक वाचक, कसबा पेठ

उत्तर : आधी मोजा, मग ठरवा. ताऱ्यांची लेबलं २००६ पासून सुरू झाली, त्यामुळे त्या फ्रीजवर काही लिहिलेलं नसणार. प्लगमध्ये लावायचं छोटं वॉटमीटर बाजारात मिळतं. ते लावून काकांच्या घरीच चोवीस तास मोजा. जुने फ्रॉस्ट-फ्री फ्रीज दिवसाला दीड-दोन युनिटंही खाताना मी पाहिले आहेत, म्हणजे महिन्याला पाच-सातशे रुपये. आज चांगला अडीचशे लिटरचा फ्रीज वर्षाला दोनशेच्या आसपास युनिटं घेतो. आकडा दीडच्या वर आला तर काकांना प्रेमाने नाही म्हणा, आणि त्यांनाही तो गॅलरीत दुसरा फ्रीज म्हणून चालू ठेवू देऊ नका. एकाहून कमी आला तर खुशाल आणा. दाराचं रबर तपासायला दारात कागद अडकवून ओढून बघा. सहज निघाला तर रबर बदला. आणि मागे वीतभर जागा सोडा, भिंतीला चिकटवू नका.

प्रश्न : आमची बाणेरला चाळीस फ्लॅटची सोसायटी. सामायिक वीजबिल फार येतं. एकाने ३० किलोवॉट सोलरचं कोटेशन दिलं आहे. अनुदानही मिळेल म्हणतो. घ्यावं का? काही सभासद विरोधात आहेत.
– सोसायटीचे सचिव, बाणेर

उत्तर : सोलर घ्या, पण तीस किलोवॉट कुठून आले ते आधी त्याला विचारा.

पुण्यात एक किलोवॉट पॅनेल वर्षाची सरासरी धरून दिवसाला साधारण चार युनिटं देतं. पावसाळ्यात कमी, मार्च-एप्रिलमध्ये जास्त. तीस म्हणजे रोजची १२० युनिटं. तुमच्या सामायिक बिलावर बघा, मला वाटतं तुमचा वापर त्याच्या निम्माही नसेल. नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे महावितरणकडून घेतलेल्या विजेतून तुम्ही दिलेली वीज वजा करणाऱ्या मीटरमध्ये, जास्तीची वीज पुढच्या महिन्यांत वळती होते, पण वर्षअखेरीस उरलेल्या युनिटांना फार कमी दर मिळतो. गरजेपेक्षा मोठी यंत्रणा बसवली की फायदा विकणाऱ्याचा.

त्याआधी वापर कमी करा. पार्किंगमध्ये आणि जिन्यांत २० वॉटच्या तीस ट्यूब रात्रभर, बारा तास जळत असतील तर रोजची सात युनिटं झाली. अर्ध्या ठिकाणी हालचाल ओळखणारे सेन्सर लावा. लहान मुलं आणि वयस्कर माणसं जिथून जातात त्या जिन्यात मात्र कायमचा दिवा राहू द्या. पंपाचं बघा. एक हजार लिटर पाणी तीस मीटर उंच चढवायला शास्त्राप्रमाणे ०.०८ युनिट लागतं. पंपाची कार्यक्षमता धरली की दोन दशांश धरा. चाळीस घरांना रोज वीस हजार लिटर म्हणजे चार युनिटं. तुमच्या पंपाचा खर्च याच्या दुप्पट-तिप्पट येत असेल तर पंप झिजलाय, किंवा वरची टाकी रोज ओसंडून वाहते आहे. गळणारा प्रत्येक नळ पाण्याबरोबर वीजही सांडतो, कारण ते पाणी आपण वर चढवलेलं असतं.

मग उरलेल्या वापराला पुरेल एवढं सोलर. केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. स्वतंत्र घरांसाठी वेगळं: एका किलोवॉटला ३०,०००, दोनला ६०,०००, तीन आणि त्यापुढे ७८,०००. अर्ज योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर करायचा आणि तिथे नोंदणी असलेलाच विक्रेता घ्यायचा. एका किलोवॉटला सावली नसलेली सुमारे शंभर चौरस फूट गच्ची लागते. तुमच्या शेजारी उंच टॉवर उभा राहतोय का, ते बघून घ्या. बाणेरला बांधकामांची धूळ भरपूर. पॅनेल महिन्यातून दोनदा धुण्याचं काम कुणाचं, हे करारात लिहून घ्या. पुणे महापालिका सौरऊर्जा, पर्जन्यजलसंचय, गांडूळखत असे प्रकल्प करणाऱ्यांना मिळकतकरात सवलत देते, तीही मागा. आणि विरोध करणाऱ्या सभासदांचं म्हणणं शांतपणे ऐका. एका सोसायटीत मी पाहिलं होतं, सर्वांत वरच्या मजल्यावरच्या बाईंचा विरोध फक्त एवढ्यासाठी होता की स्टँडसाठी भोकं पाडली तर त्यांचं छत गळेल. भोकं न पाडता वजनावर उभे राहणारे स्टँड वापरायचं ठरलं आणि त्यांनीच ठराव मांडला.

प्रश्न : आम्ही चार विद्यार्थी भाड्याने राहतो. विजेचा गीझर महाग पडतो म्हणून बाथरूममध्ये गॅस गीझर बसवायचा विचार आहे. किती वाचतील?
– एक वाचक, कर्वेनगर

उत्तर : गॅस स्वस्त पडतो, हे खरं आहे. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये पावणेदोनशे युनिटांहून थोडी जास्त उष्णता असते. पण बाथरूममध्ये तो बसवू नका. हे वाक्य पुन्हा वाचा आणि खोलीतल्या तिघांनाही वाचून दाखवा.

बंद, छोट्या जागेत गॅस जळतो तेव्हा हवेतला प्राणवायू संपत जातो आणि ज्योत अर्धवट जळू लागते. त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आधी डोकं जड होतं, चक्कर येते, मग माणूस खाली बसतो आणि दाराची कडी काढायचं बळ राहत नाही. कडी आतून लावलेली असते. हिवाळ्यात खिडकी कागदाने बंद केलेली असते. अशी बातमी दर थंडीत येते आणि ती कित्येकदा तुमच्या वयाच्या मुलांची असते.

गॅस गीझर हवाच असेल तर तो बाथरूमच्या बाहेर, उघड्या हवेच्या गॅलरीत बसवा आणि फक्त गरम पाण्याचा पाइप आत न्या. घरमालक परवानगी देत नसेल तर आहे तो विजेचा गीझर धायरीच्या वाचकांना सांगितल्याप्रमाणे वापरा. चौघांच्या बादल्यांचे महिन्याला साधारण सहाशे रुपये होतील, प्रत्येकी दीडशे. तेवढे द्या.

प्रश्न : सप्रेम नमस्कार वि. वि. माझं वय ७६. सदाशिव पेठेत पहिल्या मजल्यावर एकटीच असते. चिरंजीव हिंजवडीकडे राहतो, विजेचं बिल तोच भरतो. गेल्या महिन्यात ९२ युनिटं झाली. तो म्हणाला, आई, शंभरच्या आत ठेव, जपून वापर. तेव्हापासून मी दुपारी पंखा लावत नाही. संध्याकाळी देवापाशी निरांजन लावते आणि बाहेरच्या खोलीत तशीच बसते. टीव्ही तेवढा बघते. आणखी काय कमी करता येईल, ते कळवावं.
– एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : काकू, तुमचं पत्र वाचून मी बराच वेळ दुसरं पाकीट उघडलं नाही.

तुम्ही अंधारात बसता ते किती वाचवण्यासाठी, ते आधी सांगते. नऊ वॉटचा दिवा संध्याकाळी चार तास, महिनाभर: १.१ युनिट. तुमचं बिल पहिल्या टप्प्यातलं आहे, तिथे सगळे आकार धरून युनिट साधारण सात रुपयांना पडतं. म्हणजे दिव्याचे महिन्याला आठ रुपये. तुमच्या वयाला अंधारात पाटाला, उंबऱ्याला पाय अडखळला आणि खुब्याचं हाड मोडलं तर काय होतं, ते तुम्ही तुमच्या मैत्रिणींत पाहिलं असेल.

पंख्याचं. साधा पंखा ७५ वॉटचा. दुपारी चार तास म्हणजे ०.३ युनिट, दोन रुपये. महिन्याला ६३. वय झालं की घाम कमी येतो, तहान कमी लागते, आणि शरीर तापलंय हे शरीरालाच उशिरा कळतं. एप्रिलच्या दुपारी पंख्याशिवाय बसणं तुमच्यासाठी धोक्याचं आहे. हे मी काटकसर शिकवणारी बाई म्हणून सांगते आहे.

कमी करायचंच असेल तर एक जागा आहे. टीव्हीखालचा सेट-टॉप बॉक्स. रिमोटने टीव्ही बंद केला तरी तो दहा-बारा वॉट घेत राहतो, रात्रंदिवस. तुम्ही टीव्ही पाच तास बघता असं धरलं तर उरलेल्या एकोणीस तासांची महिन्याला जवळपास सात युनिटं होतात. टीव्ही बघून झाला की भिंतीवरचं बटण बंद करा. दुपारच्या पंख्याची पाऊण वीज तिथेच निघाली. बटण खाली असेल आणि वाकावं लागत असेल तर वायरमनकडून कमरेच्या उंचीवर घ्या. आणि पाण्याचं: गीझर फक्त आंघोळीआधी पंधरा मिनिटं. पण आंघोळ गरम पाण्यानेच करा.

शंभराबद्दल चिरंजीवांचा तोच गैरसमज झालाय, जो मी धायरीच्या पत्रात लिहिला. एकशे पाच युनिटं झाली तर फक्त वरची पाच महाग पडतील, पाच-सहा रुपयांनी एकेक. मागची शंभर होती तेवढ्यालाच राहतात. स्थिर आकार तर युनिटं किती का होईनात, भरावाच लागतो. त्यांनी काळजीनेच म्हटलं असणार, त्यांना हा हिशेब माहीत नसणार. ते रविवारी आले की हे पान त्यांच्यापुढे ठेवा. पेन घेऊन त्यांनी स्वतः बेरीज करावी.

नवे बीएलडीसी पंखे निघालेत, ते तीसेक वॉटमध्ये चालतात. तुमच्या वापराला आणि तुमच्या दराला त्याची किंमत वसूल व्हायला तीन-चार वर्षं लागतील, म्हणून बचतीसाठी तो घ्या असं मी म्हणणार नाही. पण चिरंजीवांना आईला काही द्यायचं असेल तर तो जरूर द्यावा. त्याला रिमोट येतो. रात्री गार वाटू लागलं तर उठून रेग्युलेटरपर्यंत जावं लागत नाही, उशाशी हात नेला की झालं.

तोवर जुना पंखा आहेच. आज जेवण झालं की तो लावा आणि जरा आडव्या व्हा.